खुनी कोण, ते तुम्ही बघा

ईशान, तारा,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तुमच्याकडचा एक सिनेमा दाखवत होतात. टोपीवाला एक माणूस घोडा फेकत डोंगरातून आला, दारूच्या दुकानापुढे उतरला, आत गेला आणि लगेच गोळीबार सुरू झाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, त्या घोड्याला पाणी कोण दाखवणार?" तुम्ही दोघं किती हसलात! तारा म्हणाली, "आजी, हे तुला सुचतं कसं?"

मला नाही सुचलं, बाळांनो. ते वाक्य आमच्या लातूरच्या शेजारणीचं, जैबूनभाभींचं आहे. त्यांच्याबरोबर बसून मी इतके सिनेमे पाहिले की त्यांची वाक्यं माझ्या तोंडात कायमची राहून गेली आहेत. परवापासून त्या मनातून हलत नाहीत, म्हणून लिहायला बसले. एखादा शब्द अडला तर तुमच्या आईला विचारा. तिलाही भाभी चांगल्या आठवतात.

लातूरला आम्ही गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत राहत होतो. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते, मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. भिंतीला भिंत लागून जैबूनभाभींचं घर. त्यांचे यजमान महबूबभाई बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या दोरीवर सोनेरी झालरीचा लाल कोट वाळत पडला, की लग्नसराई संपली असं आम्ही समजायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. एका चांगल्या लग्नसराईनंतर महबूबभाईंनी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला आणि दर रविवारी दुपारी व्हिडिओ लायब्ररीतून इंग्रजी मारधाडीची कॅसेट यायला लागली.

महबूबभाईंचा त्यात धंद्याचाही भाग होता. त्या सिनेमांत कोणी शिट्टी वाजवत घोड्यावरून निघालं, की ते डोळे मिटून ऐकायचे. पुढच्या लग्नात नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघालेला असायचा आणि पुढे अमेरिकेतल्या वाळवंटातली धून वाजत असायची. वऱ्हाड्यांना काही कळायचं नाही. त्यांना ती आवडायची.

पहिल्याच रविवारी मला बोलावणं आलं. इंग्रजी कळणारी गल्लीत मी एकटी. मी खुर्चीवर बसून मोठ्या जबाबदारीनं सांगायला सुरुवात केली, की आता हा त्याला म्हणतोय, तू सूर्य मावळायच्या आत गाव सोड. भाभींनी माझ्या हातात बशी दिली.

"मॅडम, तुम्ही चहा घ्या. त्यो काय म्हणून राहिलाय ते त्याच्या नाकपुडीवरून दिसतंय की. भांडणाला भाषा कामून लागती?"

त्यानंतर मी नुसती प्रेक्षक म्हणून जायला लागले.

भाभींचं सिनेमा बघणं म्हणजे एकेका पात्राची झाडाझडती असायची. त्यांना गोष्टीपेक्षा व्यवहार महत्त्वाचा. घोड्याला पाणी दाखवलं तर सिनेमा चांगला, नाही दाखवलं तर तो काढणारा माणूस निर्दय. हे त्यांच्या डोक्यात लग्नाच्या घोड्यांमुळे आलं होतं. वरात संपेपर्यंत त्या घोड्याला कोणी पाणी विचारत नाही, हे महबूबभाई घरी येऊन सांगायचे आणि भाभी नवरदेवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

हिंदी मारामारीचे सिनेमेही त्या सोडत नसत. हीरो गोदामात एकटा आणि समोर गुंडांची फौज, असं दृश्य आलं की त्या पुढे सरकून बसायच्या. "बगा, बगा. एक गेल्याबिगर दुसरा येत न्हाई. राशनच्या दुकानात लोक इतके लाइनीत ऱ्हातेत का?" हीरोचा भांग मोडत नाही यावर त्यांचा राग होता. खांबाला बांधलेल्या आईवर तर फारच. "नुसती देवाचं नाव घेऊन राहिली. तोंड रिकामंच हाय तर दातानं गाठ सोड की गं बाई!"

वेस्टर्नमधले लोक रानात शेकोटीपाशी बसून थाळीतून काहीतरी खायचे. भाभी ते निरखून बघायच्या. "घुगऱ्या हायत. रोज घुगऱ्या. म्हणून असे चिडलेले असतेत." ते उघडं माळरान पाहून त्यांना औशाचा रस्ता आठवायचा. आणि आगगाडी लुटण्याचं दृश्य त्यांनी कधी मानलंच नाही. "डाकूला गाडीचा टाइम कसा कळला? आपली मिरजेची गाडी लुटायची म्हणलं, तर डाकूला घरून डबा बांधून न्यावा लागंल."

"चुप बैठ गे," महबूबभाई म्हणायचे, "पिच्चर देखने दे."

"मग देखो ना. मैं क्या डोळे पकडके बैठी?"

ते हसायचे. उंच, किडकिडीत, फार कमी बोलणारा माणूस. दिवसभर फुंकून फुंकून श्वास संपतो, बोलायला उरत नाही, असं भाभी म्हणायच्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. लातूरच्या भूकंपाबद्दल तुम्ही तुमच्या आईकडून ऐकलं असेल. त्या वर्षी गणपती विसर्जनाला औशाच्या एका बँडवाल्याला क्लॅरिनेटचा माणूस कमी पडला. किल्लारीच्या बाजूच्या एका गावाची सुपारी होती, म्हणजे मिरवणुकीत वाजवायचं ठरलं होतं. महबूबभाईंची छाती सर्दीनं भरलेली होती. भाभींनी अडवलं. ते म्हणाले, क्लारनेट नसेल तर गणपती कसा निघेल? आणि गेले. आमच्याकडे तेव्हा यात कोणाला काही वेगळं वाटत नसे. गणपतीची मिरवणूक असो की लग्नाची वरात, बँडवाले बहुतेक मुसलमानच असायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. लातुरात आमची भांडी पडली, भिंतींना तडे गेले, सगळी गल्ली रस्त्यावर आली. उजाडल्यावर एकेका गावाचं नाव कानावर यायला लागलं. तिसऱ्या प्रहरी बँडचा टेम्पो आला. वाजवणारे सगळे धुळीनं माखलेले, ढोल टेम्पोत तसेच पडलेले. महबूबभाई नव्हते.

त्या लोकांनी जे सांगितलं ते असं. मिरवणूक संपायला उशीर झाला म्हणून सगळे देवळापुढे उघड्यावर झोपले. महबूबभाई खोकत होते. ज्यांच्याकडे जेवण होतं त्या घरचे म्हातारे मालक आले आणि त्यांना हाताला धरून आपल्या घरात झोपायला घेऊन गेले. दगडी भिंतींचं, वर मातीचं जाड माळवद असलेलं घर. म्हाताऱ्यांनी मान दिला म्हणून महबूबभाई आत गेले आणि जे बाहेर राहिले ते वाचले. एक जण म्हणाला, त्यांना जखमींच्या जीपमध्ये घालताना मी पाहिलं. दुसरा म्हणाला, तो माणूस वेगळा होता.

महबूबभाईंचा धाकटा भाऊ लतीफ आणि तुमचे आजोबा लातूर, उमरगा, सोलापूर, सगळे दवाखाने फिरले. कुठे नाव नव्हतं. त्या गावात पोहोचले तर पाऊस कोसळत होता, लष्कर आलं होतं आणि ढिगाऱ्यातून निघालेल्यांना एकत्र अग्नी दिला जात होता. कोण कोणाचं, हे बघायला वेळही नव्हता आणि माणसंही उरली नव्हती. त्या घरचं कोणी भेटलं नाही, आणि पुढे गावही पांगलं.

भाभी रडल्या नाहीत. नात्यातल्या बायका जमल्या, आता इद्दतीला बसायला हवं म्हणाल्या. इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात बसून काढायचा शोकाचा काळ. भाभींच्या गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा होता, हिंदू बायकांच्या मंगळसूत्रासारखा. त्याच्यावर त्यांनी हात ठेवला.

"मय्यत कोणी बघितली? तू बघितली? तू बघितली? बघितलेली बाई पुढं या, मी आत्ता चुड्या फोडते."

कोणी पुढे आलं नाही. लच्छा गळ्यात राहिला, हिरव्या बांगड्याही राहिल्या. गल्लीत बोलणं व्हायचं. भाभी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. एकदाच, माझ्या ओट्यावर मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मॅडम, जाळलं असंल तर?" मी हातातली जुडी खाली ठेवली. "आगीची लई भीती होती त्यांना. बिडीसुदिक दुसऱ्याकडून पेटवून घ्यायचे." आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. ते गेले असतील हे त्यांना मनातून कळलं होतं, असं मला तेव्हा वाटलं. त्यांचं काय केलं असेल, हा विचार त्यांना सोडत नव्हता. आमच्यात जाळतात, त्यांच्यात पुरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कबर असते म्हणजे काय असतं, हे मला भाभींमुळे कळलं. शब-ए-बरातला सगळी गल्ली आपापल्या माणसांना भेटायला कबरस्तानात जायची आणि भाभी दाराला कडी लावून घरात बसायच्या.

टीव्ही कितीतरी महिने बंद होता. मग एका दुपारी भिंतीपलीकडून सिनेमातली ती शिट्टी ऐकू आली. धावत गेले तर भाभी एकट्या महबूबभाईंच्या आवडीची कॅसेट लावून बसलेल्या. पडद्यावर माळावर एक खड्डा खणला जात होता. भाभींनी पदर डोक्यावर घेतला आणि उठून उभ्या राहिल्या. माणसांनी टोप्या काढल्या, एकानं दोन शब्द म्हटले, माती लोटली. भाभी खाली बसल्या आणि कॅसेट मागे नेली. तेवढंच पुन्हा.

"बगा मॅडम, वैरी होता ह्यांचा. ह्यांनीच मारला. तरी माती दिली."

ती कॅसेट पुढे त्या जागी झिजली. तिथे पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या आणि रेघांमधून माणसं टोप्या काढताना दिसायची. भाभींचं मत आता असं झालं होतं, की सगळ्या मारधाडीच्या सिनेमांत हेच टोपीवाले बरे. "आपल्या पिच्चरमधी गुंड मरतेत ते कुठं जातेत? एवढे पाडले गोदामात, कोण उचलतंय त्यांना? त्यांला काय घरदार न्हाई?" हीरोला बक्षीस मिळत असायचं आणि भाभी त्या पडलेल्यांपाशी अडकलेल्या असायच्या. सिनेमात इमारत कोसळायला लागली, की त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत राहायच्या. आवाज थांबला की बाहेर यायच्या.

पुढे केबल आली आणि गुन्ह्यांच्या मालिका सुरू झाल्या. भाभींनी त्या एकही सोडल्या नाहीत. पण त्यांची बघण्याची रीत जगावेगळी होती. मालिकेत आधी एखादं अनोळखी प्रेत सापडायचं, नदीकाठी, विहिरीत, उसाच्या फडात. मग पोलीस शर्टाच्या बटणावरून, दातावरून, चपलेच्या शिलाईवरून तो माणूस कोण ते शोधायचे. तोवर भाभी हलायच्या नाहीत. दारावर कोणी आलं तरी हातानं थांबवायच्या. अखेर फौजदार एखाद्या घराची कडी वाजवून सांगायचा, की तुमचा माणूस सापडला. भाभी सुस्कारा सोडायच्या आणि उठायच्या.

"भाभी, अजून खुनी कुठे सापडलाय?" मी म्हणायची.

"खुनी कोण, ते तुम्ही बघा. मला भात टाकायचाय."

तोवर लातूर बदललं होतं. दहावी-बारावीच्या निकालात लातूरची मुलं वर यायला लागली आणि कोचिंग क्लासेसचं पेव फुटलं. औसा, रेणापूर, उदगीर, पार नांदेडपासून मुलं येऊन राहायला लागली. प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, प्रत्येक गच्चीवर पत्र्याची खोली. भाभींनीही वर खोल्या काढल्या आणि मुली ठेवल्या. मुलींच्या आईबापांशी बोलायची वेळ आली की मला बोलावलं जायचं. "मॅडम, तुम्ही नुस्त्या बसा. मधी मधी चार इंग्लिश शब्द टाका. लोकांला भरोसा येतो."

मुलींना दिवसभर फिजिक्स, केमिस्ट्री. संध्याकाळी जेवणाआधी भाभींची मालिका. मालिकेमागून परीक्षा.

"रस्त्यात कोणी म्हणलं, तुझ्या बापाचा ॲक्सिडेंट झाला, चल गाडीत बस. काय करशील?"

"आधी बाबांना फोन लावीन."

"उचलला न्हाई तर?"

"तुम्हाला लावीन."

"हाव. पास. अन् तू गं? हसून राहिलीस ती?"

"भाभी, मी म्हणीन, माझे बाबा गाडी चालवतच नाहीत."

"तू तर मेरिट!"

मुली याला भाभींचा क्लास म्हणायच्या. घरची आठवण येऊन रडणाऱ्या पोरीला भाभी समजावत बसायच्या नाहीत. तिच्याकडून टीव्हीतल्या फौजदाराच्या पोटावर मत मागायच्या.

एका जूनमध्ये शिवकन्या नावाची मुलगी वडिलांबरोबर खोली बघायला आली. वडील मन्मथआप्पा, लिंगायत शेतकरी, पांढरे कपडे, कपाळावर विभूती. गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, एवढं त्यांनी सांगितलं. किल्लारीच्या बाजूचं म्हटल्यावर भाभींचा हात क्षणभर थांबला. पण तिकडच्या मुली आधीही येऊन गेल्या होत्या.

आप्पा थोडे अवघडले होते. "पोरगी शाकाहारी हाय, भाभी."

"मेस बाहेरची हाय, आप्पा. तुमच्यातल्याच मावशीची. मी फक्त चहा देते अन् अक्कल देते."

आप्पा हसले. चहा घेता घेता त्यांची नजर भिंतीवर गेली. लाल कोटातल्या महबूबभाईंचा फोटो होता, हातात क्लॅरिनेट.

"हे कोण?"

"माझे मालक."

"क्लारनेट वाजवायचे?"

"वाजवतेत," भाभी म्हणाल्या.

आप्पांनी कपबशी खाली ठेवली. "औशाच्या बँडसंगं आल्ते का? गणपतीला? भूकंपाच्या साली?"

भाभींनी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. आप्पा उठून फोटोसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. शिवकन्या घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मग आप्पा खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसले आणि सांगायला लागले.

"माझा बाप घेऊन गेल्ता त्यांना घरात. मी रानात राखणीला होतो. पळत आलो तर घर नव्हतं. दगडं उपसली. दोघं एका जागी होते. बापाचा हात ह्यांच्या अंगावर. तसाच."

भाभी फोटोकडे बघत होत्या.

"गावात समद्यांना एकदम अग्नी देऊन राहिले होते. आमच्यात पुरतेत, पण लोक म्हणले, आता काय बघत बसतो. मी म्हणलो, बापाला न्हाई देणार अन् पाहुण्यालाबी न्हाई. बैलगाडी जुपली. दोघांला रानात नेलं."

"जाळलं न्हाई?" भाभींचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"न्हाई भाभी. माती दिली."

बाहेर क्लासला जाणाऱ्या मुलांच्या सायकलींच्या घंटा वाजत होत्या. आप्पा खाली बघून पुढे बोलले.

"पण एक चूक झाली असंल. तुमच्यात कसं करतेत मला ठाव न्हवतं. इचारायला माणूस न्हवता. आमच्यात बसवून देतेत. मांडी घालून. मी तसंच केलं. बापाशेजारी बसवलं, तोंड उगवतीला. विभूती लावली. आमच्यात हातात गळ्यातलं इष्टलिंग ठेवतेत. ह्यांच्या हातात काय ठेवावं कळंना. मग त्यांचं क्लारनेट ठेवलं. अर्धं मोडलं होतं."

"बसवून?" भाभी म्हणाल्या.

"हाव."

"उगवतीला?"

"हाव."

मुसलमान माणसाला कुशीवर निजवतात, तोंड काब्याकडे म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला करतात, कफनाशिवाय काही सोबत देत नाहीत. हे मला माहीत होतं, भाभींना तर होतंच. त्या उठून आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद झाला नाही. आप्पा अपराध्यासारखे बसून होते. मला हळूच म्हणाले, मी औशाला जाऊन विचारलं होतं हो. बँडवाला दुकान बंद करून कुठं गेला, कोणाला ठाव न्हवतं. नाव न्हाई, गाव न्हाई, मी तरी कुठं शोधू? आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. अजून रानात ती जागा नांगरत न्हाई.

भाभी बाहेर आल्या. तोंड धुतलेलं होतं, पदर डोक्यावर.

"सर्दी होती त्यांना. अंगावर काय दिलं होतं का, त्या दिवशी?"

"बापानं आपलं घोंगडं दिल्तं."

"हां." मग म्हणाल्या, "पोरीला वरची खोली दाखवते. उजेड चांगला हाय."

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं बांगड्या उतरवल्या, लच्छा काढून ठेवला आणि टीव्हीवर चादर टाकली. मशिदीतले मौलाना निरोप देऊन गेले, की इद्दत नवरा गेल्या दिवसापासून धरतात, ती कधीच सरली. भाभींनी आतूनच सांगितलं, "मी आज बेवा झाले. माझी आजपासून."

खरी भांडणं पुढे झाली. लतीफला ती जागा उकरून भावाला लातूरच्या कबरस्तानात आणायचं होतं. त्याचंही खोटं नव्हतं. भाऊ अनोळखी रानात, विभूती लावून, चुकीच्या दिशेला तोंड करून बसलाय, या विचारानं त्याला जेवण जाईना. नातेवाइकांत दोन तट पडले. कबर उघडू नये, तिथे जाऊन दुआ करावी, असं मौलाना म्हणाले. बाकीचे म्हणाले, ही कुठली कबर? अखेर सगळे भाभींच्या दारात जमले. इद्दतीत म्हणून त्या पडद्याआड होत्या. मी त्यांच्याजवळ बसले होते.

"लतीफ," त्या आतून म्हणाल्या, "तुझ्या भाईची सगळी जिंदगी उभ्यानं गेली. वरातीत उभा. मिरवणुकीत उभा. लोकांच्या मांडवात जेवला, ते पण मागच्या दाराशी उभा राहून. त्या म्हाताऱ्यानं हाताला धरून घरात नेलं. त्याच्या पोरानं बापाच्या शेजारी बसवलं. आता तू जाऊन उठवणार त्याला?"

लतीफ रस्त्यातच रडायला लागला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

इद्दत संपल्यावर भाभींनी चादर काढली, पण पहिल्यासारखं बघणं राहिलं नाही. मुली टीव्ही लावायच्या आणि भाभी नुसत्या बसायच्या. हीरोचा भांग मोडला नाही तरी काही म्हणायच्या नाहीत. मुली मुद्दाम छेडायच्या, "भाभी, बघा, लाइनीत येतेत." त्या हसायच्या. "येऊ द्या." मला वाटायचं, आता जरा सुटल्यासारखं वाटत असेल. वाटतही असेल. पण वाट बघण्यात माणूस उभा राहतो आणि ती संपली की बसतो, तसं काहीसं त्यांचं झालं. वर्षभरात त्या पुष्कळ म्हाताऱ्या झाल्या.

आम्ही लातूर सोडून इथे नांदेडला आलो. शिवकन्या डॉक्टर झाली. भाभी गेल्याचा फोन तिनंच केला. शेवटच्या दिवसांत तीच त्यांच्याजवळ होती. त्यांना लातूरच्या कबरस्तानात रीतीप्रमाणे माती दिली. मी पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रानात. लातूरकडे मार्गशीर्षात वेळ अमावस्या असते. सगळी गावं ओस पडतात आणि माणसं शेतात जाऊन जेवतात. मन्मथआप्पा भाभींना दर वर्षी न्यायला जीप पाठवायचे. आम्ही नांदेडला यायच्या वर्षी भाभींनी मलाही बरोबर घेतलं. हरभरा गुडघ्याएवढा, ज्वारी हुरड्यावर आलेली. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं आंबील अशी पंगत झाली. आप्पांच्या बायकोनं पहिलं ताट घेतलं आणि बांधाकडेच्या नांगरटीबाहेरच्या जागी नेऊन ठेवलं. सासऱ्यांना आणि चाचांना. दोन वेगळी ताटं नव्हती, एकच होतं.

निघायची वेळ झाली. आम्ही जीपमध्ये बसलो. भाभी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी आले." मी मागे वळून पाहिलं. त्या जागेपाशी जाऊन त्यांनी चपला काढल्या आणि वळसा घालून उगवतीच्या बाजूला गेल्या. मग तोंड मावळतीला करून, मांडी घालून जमिनीवर बसल्या. उतरतं ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांत येत होतं, तरी त्यांनी हात आडवा धरला नाही. महबूबभाई जसे बसलेले आहेत, त्यांच्या बरोबर समोर.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मन्मथआप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब. बोलू दे त्यांना."

भाभींचे ओठ हलत होते. इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं. दुआ मागत असतील असं मला वाटलं. मग टीव्हीपुढे महबूबभाईंशी वाद घालताना उडवायच्या तसा त्यांनी एक हात उडवला. ती दुआ नसावी.